पगाराआधी येणारा हप्ता

शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर काम करणाऱ्याला एखाद्या अभ्यासक्रमाची किंमत आणि त्यातून उभी राहणारी कमाई एकाच फायलीत बघायला मिळते. प्रवेशाच्या वेळी फायलीत संस्थेचं फी-पत्रक असतं, आईवडिलांच्या उत्पन्नाचा दाखला असतो, सहकर्जदाराचा सिबिल अहवाल असतो. तीन-चार वर्षांनी त्याच फायलीला पहिल्या नोकरीची पगारपावती जोडली जाते, किंवा थकलेल्या हप्त्याची नोटीस. नर्सिंगच्या फायलींची एक चाल असते, अभियांत्रिकीच्या फायलींची दुसरी. मास मीडिया, पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क, म्हणजे विद्यापीठं ज्याला संज्ञापन म्हणतात त्या शाखेच्या फायली या दोन्हींपेक्षा निराळ्या असतात. त्या सहसा पूर्ण बुडत नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं मात्र त्या अडखळत चालतात आणि त्या अडखळण्यात अनेकदा मुलाचं किंवा मुलीचं क्षेत्रच बदलून जातं. या कामातून माझं मत बनलं ते असं : संज्ञापनाची पदवी घेण्यासारखी आहे, पण तिच्यासाठीचं कर्ज दहाव्या वर्षी मिळू शकणाऱ्या पगाराकडे बघून काढू नये, पहिल्या तीन वर्षांत हातात पडणाऱ्या पैशाकडे बघून काढावं. या क्षेत्रातला मोठा खर्च फी भरून संपत नाही. तो पदवीनंतरच्या उमेदवारीत असतो, आणि मोठं कर्ज नेमकी ती उमेदवारीच करू देत नाही.

आकडे मांडल्याशिवाय हे पटणार नाही. समजा, दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ६ लाखांचं कर्ज घेतलं; दरवर्षी ३ लाख, व्याजदर १० टक्के. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, म्हणून हा आकडा घरच्यांना आवाक्यातला वाटतो. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो; यालाच विलंबकाळ म्हणतात. व्याज मात्र चालू असतं. पहिल्या ३ लाखांवर तीन वर्षांचं ९० हजार आणि दुसऱ्या ३ लाखांवर दोन वर्षांचं ६० हजार, असं सरळव्याजाने दीड लाख साचतं आणि परतफेड सुरू होताना ते मुदलात मिळवलं जातं. हप्ता बसतो तो साडेसात लाखांवर. सात वर्षांची मुदत धरली तर महिन्याला सुमारे १२,४५० रुपये होतात. मंजुरीच्या दिवशी सगळे 'सहा लाखांचं कर्ज' म्हणत असतात. साडेसातचा आकडा घरात पहिल्यांदा उच्चारला जातो तो पहिला हप्ता कापला गेल्यावर. मंजुरीपत्रात हे सगळं लिहिलेलं असतं, कुणी काही लपवत नाही. पण त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष प्रवेशाच्या अंतिम तारखेकडे असतं आणि पानापानावर सह्या होत जातात.

आता दुसरी बाजू. मराठी वृत्तपत्रं, वाहिन्या, पोर्टलं, छोट्या जाहिरात कंपन्या इथे पहिली नोकरी लागल्यावर जे बँक स्टेटमेंट समोर येतं, त्यात महिन्याची जमा १५ ते २५ हजारांच्या दरम्यान असणं नेहमीचं आहे. आपण २२ हजार धरू. त्यातून १२,४५० गेले की उरतात साडेनऊ हजार. मुंबईत किंवा पुण्यात कॉट बेसिसवरची जागा, मेस, लोकलचा पास किंवा दुचाकीचं पेट्रोल, मोबाइलचा रिचार्ज, एवढंही त्यात बसत नाही. म्हणजे नोकरी लागल्यावरही पैसे घरूनच मागवावे लागतात, आणि ते घर म्हणजे ज्याने सहकर्जदार म्हणून सही केली तेच. पगार इतका कमी का, याचं उत्तर लोक मालकांच्या नफेखोरीत शोधतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, सीएला त्याच्या संस्थेचं सदस्यत्व लागतं. बातमीदार, कॉपीरायटर किंवा निर्मिती सहायक व्हायला असा कुठलाही परवाना लागत नाही. पत्रकारितेला तो लागूही नये. कुणी बोलावं हे सरकारी नोंदवहीने ठरवणं लोकशाहीला परवडणारं नाही. पण त्याचा आर्थिक परिणाम असा, की मराठी घेऊन बीए झालेला, बीएस्सी करून लेखनाकडे वळलेली आणि मास कॉमची पदवी घेऊन आलेला असे सगळे एकाच रांगेत उभे राहतात. पदवीमुळे मिळणारा जादा पगार सुरुवातीला फार थोडा असतो, आणि हप्ता तर त्याच जादा पगाराच्या भरवशावर ठरवलेला असतो.

या पगाराला कायद्याचा आधार देण्याचा प्रयत्न झालेला आहे. वृत्तपत्रांतल्या कर्मचाऱ्यांसाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. पण त्यांची व्याप्ती वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरती होती. वाहिन्या आणि पोर्टलं, म्हणजे नव्या मुलांना जिथे जास्त कामं मिळतात ती जागा, त्याबाहेर राहिली. छापील माध्यमांतही कंत्राटी नेमणुकांचं प्रमाण मोठं आहे. म्हणून शिफारशींतले वेतनाचे तक्ते बघून आपल्या मुलीचा पगार किती असेल याचा अंदाज बांधता येत नाही.

पगाराच्या आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो कोणत्या रूपात आणि कधी येतो. संज्ञापनातल्या पहिल्या कामात बरेच जण कागदोपत्री कर्मचारी नसतात, 'रिटेनर' असतात. त्यांना पगारपावती मिळत नाही. ते दर महिन्याला बिल देतात आणि त्यातून १० टक्के टीडीएस कापून रक्कम जमा होते. २२ हजारांचं बिल असेल तर खात्यात १९,८०० येतात. कापलेले पैसे परत मिळतात, पण विवरणपत्र भरल्यावर, पुढच्या वर्षी. भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. बिल मंजूर व्हायला पंचेचाळीस दिवस, कधी साठ. मालिकांच्या निर्मितीत तर काम केल्यावर तीन महिन्यांनी पैसे मिळण्याची रीतच पडून गेली आहे. आणि हप्ता? तो ठरलेल्या तारखेला, समजा ५ तारखेला, एनएसीएच आदेशाने आपोआप कापला जातो. खात्यात पैसे नसतील तर आदेश परत जातो, त्याचा दंड वेगळा लागतो, आणि पुढच्या महिन्यात दोन हप्त्यांचा भार येतो. अशा खात्याचा उतारा बघितला की त्या मुलाने काम केलं नाही असं कुठेच दिसत नाही. जमा होणाऱ्या रकमा नियमित कामाच्याच असतात, फक्त त्या १९ तारखेला, २७ तारखेला, कधी दोन महिन्यांच्या एकदम अशा येतात. तरीही सिबिलच्या नोंदीत तो थकबाकीदार ठरतो, आणि सहकर्जदार असल्यामुळे त्याचे वडीलही. धाकट्या बहिणीच्या कर्जाचा अर्ज आला की हीच नोंद आडवी येते.

या ओढाताणीचा शेवट कर्ज बुडण्यात क्वचितच होतो, म्हणून आकडेवारीत तो दिसत नाही. घरचे पदरमोड करतात, हप्ते कसेबसे जातात. बदल होतो तो पगार जमा करणाऱ्या कंपनीच्या नावात. पहिल्या वर्षी तिथे वृत्तपत्राचं किंवा निर्मिती संस्थेचं नाव असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कॉल सेंटरचं, विमा कंपनीच्या विक्री विभागाचं, नाहीतर कोचिंग क्लासच्या मार्केटिंगचं येतं. या नोकऱ्या कमी प्रतीच्या आहेत असं मी म्हणत नाही. त्यांत पगार वेळेवर होतो आणि माणसाला वेळेवर पगार लागतो. पण त्यांच्यासाठी सहा लाखांची पदवी लागत नव्हती. बातमीदारीत माणसं ओळखीची व्हायला, जाहिरातीत दाखवण्याजोगं काम साठायला, माहितीपटाच्या युनिटमध्ये सहायकाचा सहयोगी व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि खरी कमाई त्यानंतर सुरू होते. कर्जाचा विलंबकाळ मात्र पदवीनंतर एका वर्षात संपतो. जे विकत घेण्यासाठी कर्ज काढलं ते हातात येण्याच्या अगोदरच हप्ता कर्जदाराला क्षेत्राबाहेर काढतो.

यावर पहिला सल्ला नेहमी मुदत वाढवण्याचा असतो. सातऐवजी पंधरा वर्षं घ्या, हप्ता खाली येईल. येतो, सुमारे ८,०६० पर्यंत. पण वरच्याच उदाहरणात सात वर्षांत एकूण साडेदहा लाखांच्या आसपास फेड होते, ती पंधरा वर्षांत साडेचौदा लाखांवर जाते. आणि २२ हजारांतून ८,०६० काढणंही पहिल्या दोन वर्षांत जमत नाहीच. दुसरं आश्वासन कर-सवलतीचं. आयकर कायद्याच्या ८०ई कलमाखाली शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आठ वर्षांपर्यंत वजावट मिळत आली आहे, हे खरं. पण ती जुन्या करप्रणालीत, आणि ज्याला कर लागतो त्याला. वर्षाला अडीच-तीन लाख कमावणाऱ्याला मुळात करच लागत नाही, मग वजावट कशातून होणार? ही सवलत चांगल्या पगाराच्या माणसाला उपयोगी पडते, आणि प्रवेशाच्या वेळी ती सगळ्यांना सारखीच सांगितली जाते.

याहून वजनदार आक्षेप असा, की मी संज्ञापनाला एकाच मापाने मोजतो आहे. चांगल्या संस्थेतून ब्रँड व्यवस्थापनात, मीडिया प्लॅनिंगमध्ये किंवा मोठ्या कंपनीच्या जनसंपर्क विभागात गेलेल्यांचे पगार पहिल्याच वर्षी दुप्पट-तिप्पट असतात. त्यांना हे कर्ज जड जात नाही. मला हे मान्य आहे. कर्जाचा निर्णय पदवीच्या नावावर न घेता कामाच्या प्रकारावर घ्यायला हवा, असंच माझं म्हणणं आहे. ज्याला व्यवस्थापनाच्या बाजूला जायचं आहे आणि ज्याची संस्था तिथे सातत्याने माणसं पाठवते, त्याने मोठं कर्ज घेणं समजण्यासारखं आहे. अडचण अशी, की फी दोघांची सारखी असते. बातमीदारी शिकणारी आणि ब्रँडिंग शिकणारा एकाच इमारतीत तेवढेच पैसे भरतात आणि माहितीपुस्तिकेत छापलेलं 'सर्वाधिक पॅकेज' दोघांनाही दाखवलं जातं. त्यामुळे सर्वाधिक पॅकेज बाजूला ठेवून मधला पगार विचारावा, म्हणजे अर्धे विद्यार्थी ज्याच्या वर आणि अर्धे ज्याच्या खाली आहेत तो. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचा हा आकडा जाहीर करावा लागतो. पण तो पूर्ण संस्थेचा, पदवी आणि पदव्युत्तर अशा पातळ्यांनुसार असतो. मोठ्या महाविद्यालयात वाणिज्य, विज्ञान आणि मास मीडिया यांचे पगार त्यात मिसळून जातात. अमेरिकेत कॉलेज स्कोअरकार्ड नावाची सरकारी सोय आहे, आणि तिथे आता अभ्यासक्रमागणिक कर्ज आणि कमाई शेजारी-शेजारी बघता येते. आपल्याकडे तशी सोय नसल्यामुळे ती चौकशी पालकांनाच करावी लागते : गेल्या तीन वर्षांत पत्रकारिता शाखेतून किती जण बाहेर पडले, त्यांपैकी किती जण आज माध्यमांत आहेत, किती जण रिटेनर आहेत. जी संस्था याचं उत्तर लेखी देते तिच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे.

सगळ्यांत गंभीर आक्षेप न्यायाचा आहे, आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. कर्ज घेऊ नका असं सांगितलं तर गरीब घरची, खेड्यातली, पहिल्या पिढीत शिकणारी मुलं माध्यमांत येणारच नाहीत. वृत्तकक्ष शहरी आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांनीच भरतील. बातमी कुणाच्या डोळ्यांनी बघितली जाते यावर ती काय होते हे ठरतं, म्हणून ही भीती खरी आहे. पण मोठं कर्ज तिच्यावरचा उपाय ठरत नाही, हेच मी या फायलींत बघत आलो आहे. कर्जामुळे दोन मुलं एका वर्गात शेजारी बसतात, इथपर्यंत समानता येते. पदवीच्या दुसऱ्या दिवशी ती संपते. ज्याच्यावर हप्ता नाही तो सहा महिने विनावेतन किंवा नावापुरत्या मानधनावर चांगल्या संपादकाच्या हाताखाली काम करतो, मुंबईत मावशीच्या घरी राहतो, नाही जमलं तर सोडून दुसरीकडे जातो. ज्याच्यावर हप्ता आहे तो जी पहिली नोकरी मिळेल ती घेतो आणि ती सोडण्याची हिंमत करू शकत नाही. वरिष्ठाने बातमी दाबली तरी गप्प बसतो, कारण पाच तारीख जवळ आलेली असते. २०२० साली करोनाच्या काळात अनेक वृत्तपत्रांनी पगार कापले, आवृत्त्या बंद केल्या. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट हप्त्यांना स्थगिती दिली, पण त्या सहा महिन्यांचं व्याज चालूच राहिलं. त्या वर्षी सर्वांत आधी गाव गाठावं लागलं ते याच मुलांना. आपल्याला बीडची, नंदुरबारची, सिंधुदुर्गातली मुलं माध्यमांत हवी असतील तर त्यांना वर्गात बसवण्याबरोबर पहिली तीन वर्षं तग धरू देण्याची सोय हवी, आणि डोक्यावर साडेसात लाख ठेवून ती होत नाही.

मग किती कर्ज घ्यावं? माझा ठोकताळा असा : पहिल्या नोकरीच्या संभाव्य हातपगाराच्या पाचव्या हिश्शाहून हप्ता मोठा नको. २२ हजारांना तो ४,४०० येतो. १० टक्के दराने आणि सात वर्षांच्या मुदतीत एक लाखाला साधारण १,६६० रुपये हप्ता पडतो. साचणारं व्याज धरलं तर मूळ कर्ज दोन लाखांच्या आसपास थांबायला हवं. एवढ्यात महागड्या खासगी संस्थेची फी भागत नाही, हे उघड आहे. कमी फीच्या वाटा मात्र यात बसू शकतात : पुणे विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतला मास मीडियाचा पदवी अभ्यासक्रम, भारतीय जनसंचार संस्थेचं अमरावती केंद्र, नोकरी करत शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. या ठिकाणी कॅमेरे जुने असतील, स्टुडिओ लहान असेल, प्लेसमेंट विभाग नावापुरता असेल. हे तोटे खरेच आहेत. पण वाचलेले तीन-चार लाख पदवीनंतर मुंबईत उभं राहण्यासाठी वापरता येतात, आणि त्यासाठी कुठलीही बँक शैक्षणिक कर्ज देत नाही. परदेशी पदवीचा हिशोब तर याहून कडक करावा लागतो. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर तीन वर्षं काम करायची मुभा मिळते. संज्ञापनाच्या बहुतेक पदव्यांना एकच वर्ष. तेवढ्या वेळात डॉलरमध्ये फेड झाली नाही तर उरलेलं कर्ज इथल्या पगारातून फेडायचं असतं.

ज्यांनी कर्ज घ्यायचं ठरवलंच आहे त्यांनी हप्ता सुरू होईपर्यंतचं व्याज दरमहा भरावं. वरच्या उदाहरणात ते पहिल्या वर्षी अडीच हजार आणि नंतर पाच हजार होतं; तेवढं भरलं तर हप्ता १२,४५० ऐवजी ९,९६० बसतो, आणि असं व्याज भरणाऱ्याला काही बँका दरातही सूट देतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांना, निवडक संस्थांसाठी (सुरुवातीला ८६०), १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात विलंबकाळात ३ टक्क्यांची सवलत आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेशशुल्क भरण्याआधी बघावं. आणखी एक तरतूद आहे, जी शाखेत क्वचितच कुणी मागतं. बँकांच्या संघटनेने आखलेल्या आदर्श कर्ज योजनेत बेकारीच्या किंवा अपुऱ्या कमाईच्या काळात हप्त्याला तात्पुरती स्थगिती देण्याची आणि सुरुवातीला लहान, पुढे वाढत जाणारा हप्ता ठेवण्याची सोय सुचवलेली आहे. ती सक्तीची नाही. बँकेगणिक नियम वेगळे असतात. पण संज्ञापनाची कमाई जशी चढते त्याला साजेसं परतफेडीचं रूप हेच आहे. खातं थकल्यावर ती मागायला गेलं तर अधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात. मंजुरीपत्रावर सही करण्याआधी अर्ज देऊन ती मागितली, आणि शाखेने काय उत्तर दिलं ते लेखी घेतलं, तर पहिल्या थकीत हप्त्याच्या वेळी बोलायला हातात कागद असतो.